हे खरे आहे काय?

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण यंत्राची वेगळी खोली आहे. काही वर्षांपूर्वी माझी मावशी अंगणात घसरून पडली, मनगट टम्म सुजलं, म्हणून तिला घेऊन मी तिथे गेलो. खोलीला कुलूप नव्हतं. यंत्रावर फुलाफुलांची चादर टाकलेली होती, कडेने नीट खोचलेली. घरात न वापरलं जाणारं शिलाई मशीन झाकून ठेवतात, तशी. "मशीन एकदम चांगलंय हो," तिथला कक्षसेवक म्हणाला, "चालवणारा नाही." मावशीचा हात टॉवेलच्या झोळीत बांधून आम्ही जीपने जिल्ह्याच्या गावी गेलो, खासगी केंद्रात फोटो काढला आणि तो घेऊन परत त्याच रुग्णालयात आलो, कारण प्लास्टर घालणारे डॉक्टर तिथेच होते. सकाळी नऊला घरातून निघालेली मावशी संध्याकाळी दिवेलागणीला परतली. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटून घेत होती, पण दिवसभरात तिने कुणालाही बोल लावला नाही. सरकारी दवाखान्यात हे असंच चालायचं, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं. तिचं ते मान्य करणं मला अजून सलतं.

गावात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. अधिवेशनाआधी प्रश्न पाठवायची वेळ आली की आमदारांचे स्वीय सहायक ओळखीच्या माणसांना विचारतात, 'तुमच्याकडचं काही असेल तर द्या.' गुरुजींनी वहीच्या पानावर प्रश्न लिहून दिला. त्याची भाषा ठरलेली असते आणि गुरुजींना ती पाठ आहे : सदर रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र अनेक महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय, असल्यास, ते सुरू करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तर छापून आलं. पहिल्या भागाला उत्तर : हे खरे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाला : प्रश्न उद्भवत नाही.

या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. यंत्र बंद नव्हतं, ते चालवणारा माणूस नव्हता. आमच्या प्रश्नात 'यंत्र' हा शब्द होता आणि उत्तर त्या शब्दापुरतं दिलं गेलं. दोन ओळींचं ते उत्तर हातात धरून गुरुजी बराच वेळ बसले होते. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मी वस्तूबद्दल विचारलं, माणसाबद्दल विचारायला हवं होतं."

गेली काही वर्षं मी विधिमंडळातली प्रश्नोत्तरं नेमाने वाचतो. आरोग्य, शाळा, महसूल, पशुसंवर्धन, पाणीपुरवठा, खातं कुठलंही घ्या. प्रश्न पुलाबद्दल असो, औषधाबद्दल असो किंवा सातबाऱ्याच्या नोंदीबद्दल, तीन उपप्रश्नांच्या आत तो एका रिकाम्या खुर्चीपाशी येऊन थांबतो. त्या खुर्चीबद्दल सभागृहाला मिळणारं उत्तरही बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं : इतकी पदे मंजूर, इतकी भरलेली, इतकी रिक्त, रिक्त पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे. या उत्तरावर समाधान मानणं ही आपल्या लोकशाहीची आजची मोठी चूक आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

प्रश्न विचारण्याचा हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. १८६१ च्या कायद्याने प्रांतांत आणि केंद्रात कायदेमंडळं आली, पण तिथल्या सदस्यांना सरकारला साधा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. ती मिळाली १८९२ च्या कायद्याने. केंद्रीय कायदेमंडळात पहिला प्रश्न विचारला गेला १६ फेब्रुवारी १८९३ रोजी, भिनगाच्या महाराजांकडून. त्याचा विषय मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. दौऱ्यावर निघालेल्या अधिकाऱ्यांना शिधासामग्री पुरवण्याची जी पद्धत होती, तिच्यामुळे गावोगावच्या दुकानदारांना होणाऱ्या त्रासाबद्दल तो प्रश्न होता. म्हणजे या देशातला पहिला संसदीय प्रश्नच सरकारी नोकर आणि सामान्य माणूस यांच्यातल्या व्यवहाराबद्दलचा होता. उत्तर अपुरं वाटलं तर उलट विचारण्याचा, म्हणजे उपप्रश्नाचा हक्क यायला १९०९ उजाडलं.

सरकारी नोकऱ्यांत कोण बसतं, किती पगारावर बसतं आणि त्याचा भार कोण उचलतं, हा विषय ज्यांनी तडीस नेण्यासाठी आयुष्य वेचलं ते आपल्याच मातीतले गोपाळ कृष्ण गोखले. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी परक्या अधिकाऱ्यांच्या महागड्या नोकरशाहीने देशाचं किती नुकसान होतं ते मांडलं. पुढे केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना आकडे पुढ्यात घेऊन त्यांनी सरकारला जाब विचारला. १९१२ मध्ये सरकारी सेवांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचे ते सदस्य होते, आणि ते काम पुरं होण्याआधीच १९१५ मध्ये ते गेले. त्यांच्या हातात मत देऊन सरकार पाडण्याची ताकद नव्हती. होती ती फक्त माहिती, आणि ती नेमक्या जागी ठेवून विचारण्याची शिस्त. आजच्या आमदाराच्या हातात गोखल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. संविधानाच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. २८८ सदस्यांपैकी कुणीही उभं राहून मंत्र्याला विचारू शकतो, आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं.

पण सभागृहात झालेलं काम गावच्या पाणवठ्यापर्यंत आपोआप पोचत नाही, हेही महाराष्ट्राने फार लवकर पाहिलं आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं, आणि त्यासाठी लोकांना मार खावा लागला. महाडच्या लढ्याचा अर्थ फार मोठा आहे, दवाखान्यातल्या रिकाम्या पदाशी त्याची तुलना मी करत नाही. माझ्या मनात त्यातली एकच गोष्ट येते : सार्वजनिक सेवा 'मंजूर' असणं आणि माणसाला ती 'मिळणं' यांच्यामध्ये जी जागा उरते, तिचा हिशोब मागणं हेच लोकप्रतिनिधीचं खरं काम.

आता रिक्त पदाकडे नीट पाहू.

अर्थसंकल्पावर चर्चा होते तेव्हा सदस्य कपात सूचना देतात. एखाद्या खात्याच्या कारभाराबद्दल तक्रार मांडायची असेल तर त्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, अशी लाक्षणिक सूचना देण्याची संसदीय प्रथा आहे. शंभर रुपये. त्यासाठी लेखी सूचना, मुदत, अध्यक्षांची परवानगी, चर्चा, मंत्र्याचं उत्तर, सगळं होतं. आणि दुसरीकडे राज्याच्या सात लाखांहून अधिक मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक पदं रिकामी ठेवली जातात, त्यासाठी कुठलीही सूचना येत नाही, कुठलंही मतदान होत नाही. हे पद लोकांसाठी हवं, असं सरकारनेच शासन निर्णय काढून ठरवलेलं असतं. ती योजना, ते रुग्णालय, ती शाळा सभागृहापुढे सांगितलेली असते, त्यावर बाकं वाजलेली असतात. मग ते पद भरलंच नाही, तर त्या निर्णयातला तेवढा भाग मागे घेतला गेला. सभागृहाला न विचारता, जनतेला न सांगता. रिक्त पद ही जाहीर न केलेली कपात आहे. म्हणून आमदाराने पदांबद्दल विचारणं म्हणजे तालुक्यासाठी याचना करणं नव्हे. सभागृहाला न विचारता घेतलेल्या निर्णयाचा तो जाब आहे, आणि तो त्याच आवाजात विचारला गेला पाहिजे.

त्या कपातीचे पैसे कोण भरतं? त्या दिवशीचे जीपचे आणि फोटोचे पैसे मावशीने भरले. बाकीचा भार खुर्चीवर बसलेल्यांवर पडतो. सरकारी बोलीत त्याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. एका तलाठ्याकडे तीन सजे, एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन ग्रामपंचायती, एका परिचारिकेकडे दोन उपकेंद्रं. सपाट भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र हे प्रमाण, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी अनुक्रमे तीस हजार आणि वीस हजार. दोन उपकेंद्रं सांभाळणारी ताई म्हणजे सरळ अर्थाने एकीच्या पगारात दोघींचं काम. लसीकरणाचा वार एकीकडे असला की दुसरीकडची गरोदर बाई कुलूप पाहून परत जाते. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं सरकारने ठरवलं आहे. मानाचं पदनाम मिळालं याचा आनंदच आहे. पण दारावर 'मंगळवार व शुक्रवार' अशी पाटी ज्या कारणाने लागते, ते कारण नावाने बदलत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. ठरलेल्या मुदतीत दाखला किंवा सेवा दिली नाही तर संबंधित अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. कायद्याचा हेतू चांगला आहे आणि त्याने लोकांना बळ दिलं आहे. पण तीन सजांचा कार्यभार घेऊन मोटारसायकलवर फिरणाऱ्या माणसाला उशिराबद्दल दंड करायचा, आणि उरलेली दोन पदं चार वर्षं न भरणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही, यात न्याय कुठे आहे? दाखल्याला मुदत आहे. पद भरायला मात्र मुदत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला जे विचारलं त्यात आरोग्य खात्यातल्या मंजूर आणि रिक्त पदांचा तपशीलही होता. मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं, की हा प्रश्न न्यायालयापर्यंत जाईतो सभागृहाने काय केलं? त्या रुग्णालयातच नव्हे, राज्यभरातल्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ कमी आहेत, हे प्रत्येक अधिवेशनाच्या प्रश्नोत्तरांत छापलेलं होतं. माहिती सभागृहाच्या पटलावरच ठेवलेली होती. ती कुणी पुढे नेली नाही.

सरकारची बाजू ऐकून घेतली पाहिजे, आणि ती पोकळ नाही. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज यांनी महसुलाचा मोठा वाटा खाल्ला आहे. एकदा माणूस नेमला की पुढची तीस-पस्तीस वर्षं त्याचा आणि नंतर त्याच्या निवृत्तिवेतनाचा बोजा राहतो, ही वित्त विभागाची धास्ती खरी आहे. बिंदुनामावली, म्हणजे कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची यादी, तपासून घेण्यात महिने जातात. आरक्षणाचे निकाल, पदोन्नतीवरचे खटले यांनी भरती अडते. परीक्षा घेतली तर पेपर फुटतो, २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि ड च्या भरतीत तेच झालं. आणखी एक गोष्ट सरकारकडून उघडपणे सांगितली जात नाही, ती मीच सांगतो : सगळी मंजूर पदं आज लागतातच असं नाही. काही आकृतिबंध, म्हणजे पदांचे ठरलेले आराखडे, टंकलेखकांच्या काळातले आहेत. त्यातली काही पदं रद्द केली तर कुणाचं बिघडणार नाही.

मग रद्द करा ना! सभागृहात उभं राहून सांगा की या खात्याला इतकी माणसं पुरेशी आहेत, ही यादी, हे कारण. त्यावर भांडण होईल, मोर्चे येतील, पण सत्य समोर येईल. पद मंजूर ठेवायचं म्हणजे कागदावर सेवा दिसते, आणि रिकामं ठेवायचं म्हणजे पैसा वाचतो. या दोन्हींचा फायदा एकाच वेळी घेणं मला मान्य नाही. पैसा नसेल तर पैसा नाही असं उत्तर यावं. 'कार्यवाही सुरू आहे' या शब्दांआड पैशाची अडचण, न्यायालयाची अडचण, फुटलेला पेपर आणि निव्वळ दुर्लक्ष, असे चार निरनिराळे आजार एकाच पांघरुणाखाली झोपवले जातात. आजार कोणता ते कळल्याशिवाय औषध कसं देणार?

माणसं मिळत नाहीत, हे कारण मात्र मी अजिबात मानत नाही. २०२३ मध्ये तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत सतराएक हजार जागा आणि सतरा लाखांहून अधिक अर्ज. पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिका रात्री बाराला भरलेल्या असतात. गावाकडे पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी दिसतात, भरतीच्या मैदानी चाचणीसाठी तयारी करणारी. राज्यात एकीकडे रिकामी खुर्ची आणि दुसरीकडे त्या खुर्चीसाठी ऐन पंचविशीतली वर्षं झिजवणारा तरुण आहे, आणि मध्ये एक फाइल आहे.

मधल्या काळात यावर कंत्राटी भरतीचा उपाय पुढे आला. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ संस्थांमार्फत बाह्ययंत्रणेने मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला, राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये सरकारला तो रद्द करावा लागला. त्या निर्णयावर अजून पुष्कळ बोलता येईल. इथे एवढंच सांगतो की कंत्राटी माणूस आला की उत्तरातला 'रिक्त' हा आकडा हलका वाटू लागतो आणि प्रश्नाची धार जाते. म्हणून कंत्राटी, मानधनावरचे, प्रतिनियुक्तीवरचे हे सगळे रकाने प्रश्नातच वेगळे मागितले पाहिजेत.

तारीख दिली की काम हलतं, याचं एक उदाहरण आपल्यासमोर आहे, आणि ते फार दुःखाचं आहे. जून २०२१ च्या अखेरीस पुण्यात लोकसेवा आयोगाच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने आयुष्य संपवलं. मुलाखती रखडण्यामागच्या कारणांत एक हेही होतं की आयोगाच्या सदस्यांचीच पदं रिकामी होती. माणसं निवडणाऱ्या आयोगातच माणसं नव्हती. पुढच्याच आठवड्यात दोन दिवसांचं अधिवेशन होतं. सदस्यांनी विषय लावून धरला आणि ३१ जुलैपर्यंत आयोगातली रिक्त पदं भरू, असं तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सभागृहात जाहीर केलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये सदस्यांच्या नेमणुका झाल्या. वर्षानुवर्षं जे घडत नव्हतं ते काही आठवड्यांत घडलं, कारण 'कार्यवाही सुरू आहे' च्या जागी एक तारीख आली आणि ती मंत्र्याच्या तोंडून सभागृहात आली. त्यासाठी एका घरातला मुलगा जावा लागला, हे विसरता येत नाही.

सभागृहात दिलेली अशी वचनं हवेत विरू नयेत म्हणून विधिमंडळात आश्वासन समिती असते. मंत्र्याने सभागृहात 'करू' म्हटलं की ते आश्वासन नोंदवायचं, मुदतीत पुरं झालं का ते पाहायचं, नसेल तर सचिवांना साक्षीला बोलवायचं, हे तिचं काम. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे. वर्तमानपत्रांनी या समितीकडे जेवढं लक्ष द्यायला हवं त्याच्या शतांशही दिलं जात नाही, हे मी पत्रकारितेत काढलेल्या वर्षांच्या आधारे खंत वाटून लिहितो. आम्ही गदारोळाची बातमी पहिल्या पानावर छापली. आश्वासनाचं काय झालं, हे विचारायला आम्ही परत फिरलो नाही.

आणि आता आमदारांबद्दल. ज्यांच्याकडून अपेक्षा करायची त्यांना बोलायलाच हवं. गडचिरोलीत किंवा अक्कलकुव्यात नेमणूक झालेला डॉक्टर काही महिन्यांत पुण्या-मुंबईच्या जवळ प्रतिनियुक्तीवर येतो. पगार तिकडच्या पदावर, काम इकडे. ही बदली शिफारशीच्या पत्राशिवाय क्वचितच होते, आणि ते पत्र कुठल्या ना कुठल्या लोकप्रतिनिधीच्या लेटरहेडवर असतं. ज्या हाताने आपल्या तालुक्यातलं रिक्त पद भरण्याचा प्रश्न लिहायचा त्याच हाताने दुसऱ्याच्या तालुक्यातलं पद रिकामं करणारं पत्र लिहायचं, हे थांबलं पाहिजे. प्रश्न पुकारला जातो तेव्हा विचारणारे सदस्य जागेवर नसतात, असंही होतं. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढून टाकावं लागलं. ज्या हक्कासाठी गोखल्यांच्या पिढीने वाट पाहिली, त्याची किंमत लावली गेली.

सभागृह बसलंच नाही तर विचारणार कुठे, हाही मुद्दा आहे. २०२० साली करोनाने माणसं मरत होती. रुग्णालयात खाट किती, डॉक्टर किती, व्हेंटिलेटर चालवणारे किती, हे विचारण्याची गरज गेल्या शंभर वर्षांत जितकी नव्हती तितकी तेव्हा होती. त्या सप्टेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाचं अधिवेशन दोन दिवसांत आटोपलं आणि प्रश्नोत्तराचा तास झाला नाही. संसदेतही त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला, फक्त लेखी उत्तरं मिळाली. संसर्गाची भीती खरी होती. पण दुकानं, कचेऱ्या, कारखाने चालवण्याच्या युक्त्या आपण शोधल्या, तशी तासभर प्रश्न विचारण्याची युक्ती शोधता आली असती.

सभागृहाच्या स्वतःच्या खुर्च्याही रिकाम्या राहिल्या. विधान परिषदेतल्या राज्यपालनियुक्त १२ सदस्यांच्या जागा जून २०२० मध्ये रिक्त झाल्या, त्यातल्या ७ भरायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला २०२६ यावं लागलं. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा, पालिकांचीही तीच गत. म्हणजे चार वर्षांच्या आसपास वॉर्डातलं गटार, शाळेतला शिक्षक, दवाखान्यातली परिचारिका यांच्याबद्दल ज्या सभागृहात विचारायचं ते सभागृहच अस्तित्वात नव्हतं. गोरेगावच्या पाण्यासाठी मृणाल गोरे आधी महापालिकेत आणि मग विधानसभेत लढल्या, लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. त्या लढ्याची पहिली पायरी नगरसेवकपणाची होती. ती पायरी काढून घेतली की नळाचा प्रश्नही थेट मंत्रालयाच्या दारात जातो, आणि तिथे त्याचा नंबर लागत नाही.

आमच्या गुरुजींनी पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न पुन्हा लिहिला. या वेळी यंत्राचं नावही काढलं नाही. क्ष-किरण तंत्रज्ञाचं पद रिक्त आहे, हे खरे आहे काय, असल्यास, कोणत्या तारखेपासून, ते भरण्याचा प्रस्ताव कोणत्या तारखेला कुठे पाठवला, आज तो कुणाकडे आहे आणि पद कोणत्या तारखेपर्यंत भरलं जाईल, असं विचारलं. तीन तारखा आणि एक नाव. हा प्रश्न मंत्रालयातल्या कार्यासनापासून खाली उतरत, संचालनालय, उपसंचालक, जिल्हा शल्यचिकित्सक असं करत आमच्या रुग्णालयात पोचला तेव्हा तो भरून देणारे होते औषधनिर्माण अधिकारी, कारण लिपिकाचं पदही रिकामं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे तारीख लिहिली. उत्तर आलं : हे खरे आहे. पद साडेचार वर्षांपासून रिक्त होतं. आमदारांनी त्यावर उपप्रश्न विचारला, मंत्र्यांनी महिनाभरात व्यवस्था करतो असं सांगितलं, आणि खरोखरच पाच आठवड्यांनी एक तंत्रज्ञ हजर झाला. यंत्रावरची चादर निघाली. पहिल्याच दिवशी एकोणीस फोटो निघाले, कक्षसेवकाने मला मोजून सांगितलं. मावशीचा हात तोवर केव्हाच बरा झाला होता, मनगट थोडं वाकडं राहिलं तेवढंच.

तंत्रज्ञ शेजारच्या तालुक्यातून प्रतिनियुक्तीवर आला होता. तिथे तोच एकटा होता.

हे कळलं त्या संध्याकाळी मी गुरुजींकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते, पुढ्यात वही होती. शेजारच्या तालुक्याचे आमदार दुसऱ्या पक्षाचे, गुरुजींची त्यांच्याशी ओळख नाही. आपल्या तालुक्याचं काम झालंय, तर आता कशाला, असं घरातले म्हणत होते. गुरुजींनी चष्मा पुसला आणि वही माझ्याकडे सरकवली. या वेळी त्यांनी तालुक्याचं नावच लिहिलं नव्हतं. राज्यातील सर्व ग्रामीण रुग्णालयांत क्ष-किरण तंत्रज्ञांची मंजूर पदे किती, प्रत्यक्ष त्याच ठिकाणी काम करणारे किती, प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवलेले किती, आणि प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, जिल्हानिहाय. खाली जागा सोडून त्यांनी मला विचारलं, "हे दोघाही आमदारांच्या सहीने देता येईल का? एकाच कागदावर?"

येतं, मी म्हणालो. एका प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं असू शकतात. गुरुजींनी मान हलवली, उद्याच्या सकाळच्या एसटीची वेळ विचारली आणि पान वहीतून फाडून नीट घडी घालून खिशात ठेवलं.